कपाट सागवानी, नग एक

घरातल्या जुन्या लाकडी सामानाची किंमत घरच्यांना कधी कळत नाही. ती कळते भंगारवाल्याला, आणि तो सांगत नाही. मुरलेला भंगारवाला कपाटाकडे बघतसुद्धा नाही. तो शेजारच्या बंद पडलेल्या कूलरला हात लावतो, रद्दीचा गठ्ठा उचलून वजनाचा अंदाज घेतो, प्यायला पाणी मागतो, आणि निघताना चपलेत पाय सरकवता सरकवता म्हणतो, "हे कपाट काय, ठेवायचंय का?" या वाक्यातली बेफिकिरी कमवायला धंद्यात अर्धी हयात जावी लागते. तोवर त्या कपाटाला घरात 'ते धूड' म्हणत असतात. त्याने विचारल्या क्षणापासून ते 'नानांचं कपाट' होतं.

आमच्या थोरल्या काकांकडे असं एक धूड आहे. सागवानी, दोन दारांचं. एका दाराला आरसा, तो अर्थातच बेल्जियमचा. (महाराष्ट्रात जुना आरसा बेल्जियमखेरीज दुसऱ्या कुठल्या देशातून आल्याचं मी अद्याप ऐकलेलं नाही.) डोक्यावर कोरीव महिरप, तिच्यात द्राक्षाचे घड. खाली चार पाय, त्यांना वाघाचे पंजे, प्रत्येक पंजात एक चेंडू. कोरणाऱ्याने द्राक्षं जवळून पाहिलेली असावीत, वाघ पाहिलेला नसावा. पंजे स्पष्टपणे मांजराकडे झुकले आहेत.

काकांच्या मते हे कपाट पेशवाईतलं. पुण्यात जुन्या वस्तूला पेशवाईच्या अलीकडे येऊ द्यायचं नाही असा प्रघात आहे. आता पेशवाई बुडाली १८१८ साली, आणि ती चालू होती तोवर आपली माणसं जमिनीवर बसत होती. बैठक, लोड, तक्के. जेवायला पाट, पूजेला चौरंग, ऐपत असेल तर पलंग आणि झोपाळा, नसेल तर घोंगडी. कपडे पेटाऱ्यात, डबे भिंतीतल्या फडताळात. खुर्च्या, टेबलं, आरसेवाली उभी कपाटं हा सगळा साहेबाच्या मागोमाग आलेला प्रकार. साहेबाला मांडी घालता येत नव्हती, हे त्याचं मूळ कारण. म्हणून कोणी पेशवेकालीन ड्रेसिंग टेबल दाखवू लागलं, तर त्याच्यापुढे बसून नेमका कोणता पेशवा काय करत होता, एवढी चौकशी जरूर करावी.

हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग उत्तर पेशवाईतलं."

कायद्याला पेशवाईशी देणंघेणं नाही. पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा सरळ शंभर वर्षांची अट घालतो. हस्तलिखितांना तेवढी पंचाहत्तरची सवलत आहे. शंभरी गाठलेली, ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीने मोलाची वस्तू कोणाही खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. या कलमाचा काकांना मोठा आधार आहे. न्यू जर्सीच्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर "मामा, मी शिपिंगचं बघतो" म्हटलं की कपाटाचं वय एकदम एकशे दहा होतं. सोसायटीतल्या इंटिरियरवाल्या बाईंनी "फारच जुनं आहे, वाळवी असेल" असा शेरा मारला की तेच कपाट साठीत येतं.

खरं वय लाकूड स्वतः सांगतं, फक्त त्याला योग्य जागी विचारावं लागतं. मुंबईत चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटला किंवा जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलात तर खरोखर जुनं सामान मिळतं, आणि गेल्या महिन्यात जुनं झालेलंही मिळतं. पुष्कळ दुकानदार तसं सांगतातही. पण गिऱ्हाइकाने पणजोबा विकत घ्यायचं मनात पक्कं केलेलं असतं, त्याला ऐकायचं नसतं. अशा वेळी वस्तूचं तोंड न बघता बिजागऱ्या बघाव्यात. एका स्नेह्यांनी मला नाना फडणविसांच्या कारकुनाची म्हणून एक पेटी दाखवली होती. तिच्या कोयंड्याला फुलीचे स्क्रू होते. फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाला. नाना फडणविसांची दूरदृष्टी इतिहासात प्रसिद्ध आहे, पण ती कारकुनापर्यंत पोचली असेल असं वाटत नाही.

दुसरी परीक्षा किड्याची. लाकूड जुनं वाटावं म्हणून त्याला भोकं पाडून देणारे कलावंत आहेत. पण खरा किडा लाकडात सरळ रेषेत चालत नाही. तो सरकारी रस्त्याच्या आखणीप्रमाणे जमेल तिथून वळतो. भोकात बारीक तार घालून पाहावी. ती अडखळत गेली तर किडा सहा पायांचा, सरळ आत गेली तर दोन पायांचा आणि हातात ड्रिल घेतलेला. तिसरी परीक्षा सांध्यात डोकावण्याची. तिथे पांढरट, वाळलेला ओघळ दिसला तर इतिहास १९५९ च्या मागे ओढू नये, कारण फेविकॉल त्या साली आला. त्याआधी सुतार सरस वापरायचा. जनावरांच्या हाडा-कातड्याचा तो सरस वितळवायला ठेवला की वाड्यातलं सोवळं धोक्यात यायचं. जुन्या सुतारांनी शक्य तिथे सरसाशिवाय भागवलं त्यामागे कसब तर होतंच, पण माजघरातून येणारी ओरडही असणार असा माझा कयास आहे.

ते कसब बघायचं तर कपाटाच्या दर्शनी भागावर वेळ घालवू नये. द्राक्षं आणि वाघ पाहुण्यांसाठी असतात. खालचा खण पूर्ण बाहेर काढावा आणि पलंगावर उलटा घालावा. आतले कपडे आधी काढावेत, नाहीतर काकू बोलतात. आता कोपरा बघा. पुढची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत दात घालून बसलेल्या आहेत, आणि हे दात पारव्याच्या शेपटीसारखे टोकाकडे रुंद होत गेलेले. म्हणजे खणाची मूठ धरून रोज ओढा, पन्नास वर्षं ओढा, सांधा सुटायचा नाही. ओढाल तितका घट्ट बसेल. कुठे खिळा नाही. आणि नीट पाहिलं तर एकही दात दुसऱ्यासारखा नाही. एक किंचित जाड, एक किंचित तिरका. कडेला खतावणीने ओढलेली आखणीची रेघ अजून तशीच आहे. ती रेघ पुसावी असं त्या सुताराला वाटलं नाही, कारण खण उलटा करून बघणारे रिकामटेकडे लोक पुढे जन्माला येतील याची त्याला कल्पना नव्हती.

खणाचा तळ मात्र खडबडीत. त्यावर रंधा धड फिरवलेलाच नाही. कपाटाची पाठही तशीच, हात फिरवला तर कुसळ जाईल. दिसणार नाही तिथे घासूनपुसून मजुरी वाया घालवायची नाही, पण दिसणार नाही तिथला सांधा मात्र जिवावर उदार होऊन करायचा, हा त्या माणसाचा हिशेब. आज आपण बरोबर उलट्या हिशेबाचं फर्निचर विकत घेतो. बाहेरून सनमायका इतका गुळगुळीत की त्यात भांग पाडता यावा, आणि आत बिजागरीचा स्क्रू भुशात रुतवलेला.

दाराच्या चौकटीतली फळी बोटाने दाबली तर किंचित हलते. काका हे बरीच वर्षं 'सैल झालंय' म्हणून सांगत होते. ते सैल झालेलं नाही, सैलच केलेलं आहे. लाकूड झाडावरून उतरलं तरी हवा खाणं सोडत नाही. आषाढात फुगतं, चैत्रात आक्रसतं. चौकटीच्या खाचेत फळी सरसाने पक्की चिकटवली तर ती फुगायला जागा न मिळून एक दिवस मधोमध तडकते. म्हणून सुतार ती चारी बाजूंनी खाचेत नुसती टेकवतो आणि तिला पाऊस-उन्हाची रजा देतो. खणाला ही सोय नसते, म्हणून तो पावसाळ्यात अडकतो. काकू त्याच्या कडांना मेणबत्ती घासतात. काका त्याला लाथ घालतात. मेणबत्तीचा गुण जास्त येतो.

आता हे लाकूड. काका म्हणतात बर्मा टीक, आणि या एका बाबतीत त्यांचं बरोबर असू शकतं, कारण त्या काळी मुंबई बंदरात ब्रह्मदेशाचा साग भरपूर उतरत होता. तिथली रीत अशी की झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचं ओलं लाकूड गोल कापून घ्यायचं आणि झाड तसंच उभं ठेवून द्यायचं, सुमारे तीन वर्षं. ते जागच्या जागी वाळायचं. ओला साग पाण्यावर तरंगत नाही, वाळलेला तरंगतो. मग तो पाडायचा, हत्तींनी ओढत ओढ्यापर्यंत न्यायचा, पावसाळ्यात नदी भरली की तराफे करून रंगूनला सोडायचा. आमच्या शेजारच्या फ्लॅटचं सगळं फर्निचर, किचन ट्रॉलीसकट, ऑर्डर दिल्यापासून तीन आठवड्यांत लागलं. तेही पावसाळ्यातच. आता ते पाण्याला भेटलं की कसं वागतं हे सिंकखाली पाहायला मिळतं.

या सागापायी एका राजाचं राज्य गेलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, असा ठपका ठेवून ब्रह्मदेशच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. १८८५ च्या नोव्हेंबरात युद्ध झालं आणि महिना संपायच्या आत आटोपलंही. थिबा राजा पकडला गेला आणि त्याला आणून ठेवलं कुठे, तर रत्नागिरीला. तिथेच तो १९१६ साली वारला. रत्नागिरीकर पाहुण्यांना थिबा राजवाडा दाखवतात, समोरचा समुद्र दाखवतात, पण तुमच्या दिवाणखान्यातल्या टेबलाचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो हे सांगत नाहीत. मी ते काकांना सांगितलं. तेव्हापासून कपाट पेशवाईतून निघून थिबा राजाच्या खाजगीत गेलं आहे.

सागात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि पाणी त्याचं फार काही बिघडवू शकत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली, ती १८१७ साली, म्हणजे पेशवाई अजून श्वास घेत असताना, पाण्यात सोडली. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगते आहे. अस्सल पेशवेकालीन सागवान पाहायचं तर खरं म्हणजे तिकडे जावं. तिच्यात ड्रेसिंग टेबल होतं का, ते विचारून घ्यावं.

सगळंच जुनं सामान सागवानी आणि अवजड होतं असं मात्र नाही. इराण्याच्या हॉटेलातली गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आठवा. तिची मूळ आई व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने १८५९ च्या सुमारास काढली. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं; सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, झाली खुर्ची. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या मावायच्या आणि जहाजातून जगभर जायच्या. घरी आणून स्वतः जोडायचं फर्निचर ही आपल्याला फार आधुनिक कल्पना वाटते, आणि जोडताना एक स्क्रू उरतो तेव्हा आपण कंपनीला नावं ठेवतो. हे उरण्याचं काम दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

किमतीचं शास्त्र समजून घ्यायचं तर मात्र चंदीगढला जावं लागतं. ते शहर वसवताना सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली साग आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. उलट्या व्हीच्या आकाराचे पाय, साध्या, मजबूत. कारकून त्यांच्यावर बसले, फायली तुंबल्या, वेत फाटले, खुर्च्या गच्चीवर गेल्या. पावसात भिजल्या. मग सरकारने त्यांचा भंगार म्हणून लिलाव केला. त्या घेणाऱ्यांत काही परदेशी व्यापारी होते. त्यांनी वेत बदलला, पॉलिश मारलं, आणि त्याच खुर्च्या पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखांच्या भावाने गेल्या. इकडे डोळे उघडले. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने हे सामान विकू नका, जपा, असा आदेश काढला. यातला मला सर्वांत आवडलेला भाग असा की खुर्चीच्या पाठीवर कार्यालयाचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात ओबडधोबड रंगवलेला असेल, तर तिचा भाव वाढतो. अस्सलपणाचा तो दाखला.

हे वाचल्यापासून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधलं डेडस्टॉक रजिस्टर मला तिजोरीच्या किल्लीइतकं महत्त्वाचं वाटू लागलं आहे. 'खुर्ची सागवानी, हाताची, नग एक.' दर वर्षी हेडमास्तर ती मोजतात, दर वर्षी ती तेवढीच भरते, तीन पायांची झाली तरी नग एकच. निर्लेखनाचा प्रस्ताव तालुक्याला जातो आणि तिथल्या तशाच एका खुर्चीवर बसलेला माणूस तो परत पाठवतो. लोक या दिरंगाईला हसतात. पण चंदीगढच्या कचेऱ्यांनी प्रस्ताव इतक्या झटपट मंजूर केले नसते तर त्या खुर्च्या पॅरिसला कशाला गेल्या असत्या?

काकांचा वाडा गेल्या वर्षी पाडायला निघाला आणि कपाटाचं काय, हा प्रश्न पुढे आला. वाटणीच्या वेळी ते कोणालाच नको होतं. "तुझ्याकडेच राहू दे, तुझं मन आहे त्याच्यात," असं प्रत्येक भावाने प्रत्येक भावाला मनापासून सांगितलं होतं. आता ते सहाव्या मजल्यावर न्यायचं होतं. लिफ्टचं दार कपाटाच्या निम्म्या रुंदीचं. जिन्याच्या वळणावर ते अडकणार हे दोरी लावून सिद्ध झालं. मग घरात एक तांत्रिक समिती बसली. धाकट्या काकांनी क्रेन सुचवली. त्यांच्या जावयाने, जो पुलांच्या कामावर आहे, गॅलरीचा कठडा काढायचा नकाशा करून दाखवला. कोणीतरी कपाट मधून कापून पुन्हा जोडावं म्हणालं आणि काकूंनी त्याच्या हातातला चहा काढून घेतला.

शेवटी टिंबर मार्केटमधून एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी आधी सगळ्यांना दोन पावलं मागे सरकायला सांगितलं. मग स्टुलावर चढून महिरपीच्या मागे हात घातला, थोडा वेळ चाचपलं, आणि लाकडी ठोकळा धरून त्यावर हातोडीने हलकेच दोन टोले मारले. बोटाएवढी एक पाचर खाली पडली. मग दुसरी. मग त्यांनी द्राक्षांसकट सगळी महिरप उचलून खाली आमच्या हातात दिली. पुढच्या अर्ध्या तासात ते धूड आठ-दहा फळ्या होऊन भिंतीला टेकून उभं होतं. एकही स्क्रू निघाला नाही, कारण एकही नव्हता. नुसती कुसवं, खोबणी आणि पाचरी. प्रत्येक कुसवावर पटाशीने मारलेल्या चिरा होत्या. एक चीर असलेलं कुसू एका चिरेच्या खोबणीत, दोनाचं दोनात, तिनाचं तिनात. पुन्हा जोडणाऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून.

"असंच आत आलं असणार ना," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या वाड्याचा दरवाजा केवढा होता, काका?"

इतकी वर्षं हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. समिती बरखास्त झाली. फळ्या लिफ्टने वर गेल्या, संध्याकाळपर्यंत कपाट उभं राहिलं. फॉल्स सीलिंगमुळे महिरप तेवढी बसेना. ती टीव्हीच्या वर भिंतीला लावली आणि इंटिरियरवाल्या बाईंनी तिचा भाव विचारला.

वास्तुशांतीला सगळे भाऊ जमले. जेवणं झाल्यावर कपाट सुटं होतं ही बातमी पानसुपारीबरोबर फिरली. बैठकीत एक विचारमग्न शांतता पसरली. मग धाकटे काका म्हणाले, "दादा, म्हणजे तसं बघितलं तर महिरप वेगळी निघते." मधले म्हणाले की आरशाचं दारही वेगळं निघतं, आणि नाना दाढी त्याच आरशात करायचे, आणि चेहऱ्याने सगळ्यांत जास्त तेच नानांवर गेले आहेत. न्यू जर्सीच्या भाच्याने फोनवरून सांगितलं की पंजे त्याच्या बॅगेत सहज मावतील, एका पंजाचं वजन काय असेल तेवढं कळवा.

"बघू," काका म्हणाले. "घाई काय आहे."

सगळे गेल्यावर त्यांनी दार लावलं, नातवाला हाक मारली आणि खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून फेविकॉलचा एक किलोचा डबा आणायला पाठवलं.